बोलेरो-जीपचा गिअरबॉक्स खोलणे आणि तपासणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही माहिती कोणत्या गाड्यांना लागू पडते?

इंजिन पुढे, त्यामागे गिअरबॉक्स आणि तिथून प्रोपेलर शाफ्टने मागच्या चाकांना ओढ, अशा मांडणीच्या मॅन्युअल गाड्यांना. आपल्याकडे याचा अर्थ मुख्यतः महिंद्राचा गोतावळा. १९४७ पासून मुंबईत ज्यांची जुळणी सुरू झाली त्या विलीज जीपचे वंशज आणि २००० साली आलेली, नाशिकची बोलेरो. वडापला लागलेली, ऊस-कांदा वाहणारी, शेताच्या बांधावरून जाणारी गाडी असेल तर हे प्रश्न कधी ना कधी तुमच्यापुढे येणारच. मॉडेल बदलले की आतली रचना थोडी बदलते, त्यामुळे इथले आकडे अंदाज बांधण्यापुरते आहेत. घट्ट करायचा टॉर्क, शिमची (फट भरायच्या पातळ चकतीची) जाडी आणि झिजेची शेवटची मर्यादा तुमच्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधूनच घ्यायची. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा इथे काही संबंध नाही.

गिअर नीट पडत नाही. म्हणजे गिअरबॉक्स खोलावाच लागणार का?

नाही, आणि घाई इथेच नडते. गॅरेजमध्ये उतरवलेल्या गिअरबॉक्सपैकी काहींत आतले सगळे ठणठणीत निघते. दोष क्लचचा असतो, भुर्दंड मात्र गिअरबॉक्सच्या नावाने पडतो.

आधी इंजिन बंद ठेवून सगळे गिअर टाकून बघा. बंद इंजिनवर अलगद पडतात आणि चालू इंजिनवर अडतात, तर क्लच पूर्ण सुटत नाही असे समजायचे. खात्री करायची असेल तर गाडी जागेवर चालू ठेवून क्लच पूर्ण दाबा, चार-पाच सेकंद थांबा आणि मग रिव्हर्स टाका. एवढे थांबूनही खर्र वाजले तर क्लच प्लेट फिरतेच आहे. हायड्रॉलिक क्लच असेल तर मास्टर आणि स्लेव्ह सिलिंडर, लाइनमधली हवा, गळती बघा. केबलचा असेल तर तिची सेटिंग बघा.

दुसरी जागा गिअर लिव्हरच्या बुडाशी. तिथला प्लास्टिकचा बुश खाऊन गेला की दांडी डाव्या-उजव्या बाजूला भरपूर हलते, पण ती हालचाल आत पोहोचत नाही. बुश बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागत नाही. इंजिन आणि गिअरबॉक्सची रबरी माउंटिंगही याच फेरीत हलवून बघावीत.

आवाजावरून दोष ओळखता येतो का?

बराचसा येतो, फक्त घाई न करता ऐकायला हवे. गाडी जागेवर, न्यूट्रलमध्ये, इंजिन चालू आणि पाय क्लचवरून काढलेला. या स्थितीत इनपुट शाफ्ट (क्लचकडून ताकद आत आणणारा) आणि काउंटर शाफ्ट (त्याच्यामुळे फिरणारा, गिअरच्या गुच्छाचा) फिरत असतात, मेन शाफ्ट (ताकद मागे प्रोपेलरला देणारा) मात्र थांबलेला असतो. आता घुंघुं आवाज येतो आणि क्लच दाबताच थांबतो, तर संशय इनपुट किंवा काउंटर शाफ्टच्या बेअरिंगवर. याच्या उलट, पेडलला नुसता पाय लावताच आवाज सुरू होत असेल तर रिलीज बेअरिंग, म्हणजे पेडल दाबले की क्लचवर टेकणारे बेअरिंग. क्लच पूर्ण दाबून गिअर टाकल्यावरच बारीक चिरकणे ऐकू येत असेल तर फ्लायव्हीलमधले पायलट बेअरिंग किंवा बुश.

आता गाडी चालवून बघा. या प्रकारच्या गिअरबॉक्समध्ये चौथा गिअर सहसा डायरेक्ट असतो, म्हणजे ताकद इनपुटमधून सरळ मेन शाफ्टवर जाते आणि काउंटर शाफ्ट नुसता मोकळा फिरतो. पहिल्या तीन गिअरमध्ये येणारा आवाज चौथ्यात एकदम कमी झाला तर काउंटर शाफ्टची बेअरिंग आधी तपासायची. एकाच गिअरला आवाज असेल तर त्या गिअरच्या जोडीचे दात. सगळ्या गिअरमध्ये सारखाच आणि उतारावर न्यूट्रलमध्ये क्लच दाबूनही येत असेल, तर मेन शाफ्टचे मागचे बेअरिंग असू शकते, पण त्याआधी प्रोपेलरचे क्रॉस, सेंटर बेअरिंग असल्यास ते आणि डिफरन्शियल तपासून मोकळे व्हा. (ही चाचणी मोकळ्या, सपाटीकडे झुकणाऱ्या रस्त्यावर करायची. घाटात न्यूट्रल कधीच नाही.)

ऑइल काढताना काय बघायचे?

सगळ्यात आधी भरायचा बोल्ट सुटतो का ते बघा, मग खालचा ड्रेन बोल्ट काढा. खालून ऑइल काढून टाकले आणि वरचा बोल्ट गंजून बसलेला निघाला, तर गाडी जागेवर अडकली.

गाडी थोडी चालवून ऑइल कोमट असताना, स्वच्छ आणि उथळ पाटीत काढायचे. डब्यात काढलेले ऑइल काहीच दाखवत नाही. पाटीत पसरलेले ऑइल उन्हात धरून बघा. काळसर पण एकसारखे असेल तर ते नुसते जुने आहे. दुधाळ, चहासारखे दिसले तर पाणी शिरले आहे. पावसाळ्यात ओढ्यातून गाडी काढणाऱ्यांकडे, कोकणात तर हमखास, हे दिसते. सोनेरी चकाकी तरंगत असेल तर सिंक्रो रिंगचे (गिअर पडण्याआधी वेग जुळवणाऱ्या कड्याचे) पितळ झिजते आहे. थोडी चकाकी जुन्या गाडीत चालते, ऑइल सोन्याचे पाणी दिल्यागत दिसायला लागले तर नाही.

ड्रेन बोल्टला लोहचुंबक असेल तर त्यावर राखाडी, बोटाला मऊ लागणारा लगदा असतो, ती रोजची झीज. त्यात टोचणारे कण सापडले तर बेअरिंग किंवा दातांचा पृष्ठभाग सुटायला लागला आहे. दाताचा अख्खा तुकडा किंवा बेअरिंगच्या जाळीचा पत्रा निघाला, तर त्या दिवसापासून गाडी चालवायची नाही. एक तुकडा दोन दातांच्या मध्ये अडकून केसिंग फोडू शकतो.

किती निघाले तेही मोजा. ऑइल निम्मेच निघाले तर आतल्या बऱ्याच दोषांचे कारण इथेच सापडते. फोर बाय फोर गाडीत गिअरबॉक्समध्ये कमी आणि ट्रान्स्फर केसमध्ये (ताकद पुढच्या-मागच्या चाकांत वाटणाऱ्या पेटीत) जास्त ऑइल निघाले, तर दोघांच्या मधले सील गेले आहे. जुन्या जीपच्या मालकांना हा प्रकार चांगला माहीत असतो.

गाडीवरून उतरवताना कशाकडे लक्ष द्यावे?

पहिले म्हणजे जॅकच्या भरवशावर गाडीखाली जायचे नाही. चेसिसखाली घोड्या लावा, चाकांना ठोकळे लावा, बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. प्रोपेलर काढण्यापूर्वी फ्लँजवर दोन्ही बाजूंना खूण करा, म्हणजे परत त्याच जागी बसेल आणि नवी थरथर मागे लागणार नाही. रिव्हर्स लाइटची वायर आणि असल्यास स्पीडोमीटरची केबल आठवणीने सोडवा. तुटलेल्या केबलचे खापर नंतर नेहमी दुसऱ्या कुणाच्या तरी डोक्यावर फुटते.

क्रॉस मेंबर काढला की इंजिनची मागची बाजू खाली झुकते, त्यामुळे तिला लाकूड ठेवून आधार द्या. बेल हाउसिंगचे बोल्ट सुटल्यावर गिअरबॉक्स सरळ मागे ओढायचा. इनपुट शाफ्ट क्लच प्लेटमध्ये अडकलेला असताना गिअरबॉक्स लोंबकळू दिला तर प्लेटचा हब वाकतो आणि नवा क्लच टाकूनही झटके येतात. वजन एकट्याने छातीवर घ्यायचे नाही. गिअरबॉक्स जॅक नसेल तर ट्रॉली जॅकवर पट्ट्याने बांधा आणि दोन माणसे ठेवा. ट्रान्स्फर केस असेल तर ती आधी वेगळी उतरवलेली बरी.

कोणती हत्यारे लागतात?

गोटी पान्यांचा संच, टॉर्क पाना, आतले आणि बाहेरचे सर्क्लिप काढायचे पक्कड, दोन-तीन पायांचा पुलर, पितळी पंच, प्लास्टिक किंवा लाकडी हातोडा, फिलर गेज, डायल गेज. बेअरिंग दाबायला प्रेस हवा, तो स्वतःकडे नसला तरी लेथवाल्याकडे असतो. डोळ्यांना चष्मा लागतोच, कारण निसटलेले सर्क्लिप सरळ तोंडावर येते.

लोखंडी हातोडा शाफ्टच्या टोकावर मारायचा नाही. टोक फुलले की त्यावरून बेअरिंग निघत नाही, नट चढत नाही.

खोलायचा क्रम काय ठेवावा?

क्रमापेक्षा मांडणीला महत्त्व द्या. टेबलावर स्वच्छ कापड किंवा पुठ्ठा अंथरा, भाग ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने डावीकडून उजवीकडे ठेवा आणि प्रत्येक टप्प्याला मोबाइलवर फोटो काढा. शाफ्टवर बसणाऱ्या हबच्या आणि त्यावर सरकून गिअर पकडणाऱ्या स्लीव्हच्या कोणत्या बाजूला तोंड होते हे सांगणारा फोटोच उद्या कामाला येतो. स्लीव्ह हबवरून काढण्यापूर्वी दोन्हींवर मार्करने रेघ मारा.

पाच गिअरच्या बहुतेक गिअरबॉक्समध्ये बाहेरून आत असे जायचे. पुढचे रिटेनर कव्हर, वरचे किंवा बाजूचे गिअर शिफ्टचे कव्हर, मागची एक्स्टेन्शन, नंतर पाचव्या गिअरची जोडी, मग मुख्य केसिंग आणि शेवटी शाफ्ट. पाचवा गिअर पुष्कळदा मागच्या बाजूला वेगळा बसवलेला असतो. त्याचे नट ठोकून लॉक केलेले असतात, ते लॉक उघडल्याशिवाय पाना लावायचा नाही. नट सोडताना शाफ्ट फिरू नये म्हणून एकाच वेळी दोन गिअर टाकण्याची युक्ती काही मिस्त्री करतात, काही मॅन्युअलमध्येही ती दिलेली असते.

केसिंगचे दोन अर्धे सुटत नसतील तर मध्ये स्क्रू ड्रायव्हर खुपसू नका. ॲल्युमिनियमच्या तोंडावर पडलेला एक ओरखडा पुढे कायमची गळती देतो. एखादा बोल्ट नक्की राहिला आहे, तो शोधा.

सिलेक्टर रॉड ओढला आणि आतून गोळी उडाली. ती इतकी महत्त्वाची असते का?

हो. सिलेक्टर रॉड म्हणजे गिअर लिव्हरची हालचाल आत नेणारी दांडी. स्प्रिंगवर बसलेली ती स्टीलची गोळी रॉडच्या खाचेत बसून गिअर जागेवर धरते. स्प्रिंग दबून आखूड झाली किंवा खाच झिजली की गिअर आपोआप सुटायला लागतो. रॉड काढताना भोकावर बोट किंवा लोहचुंबक धरा. सगळ्या स्प्रिंग शेजारी शेजारी उभ्या करून लांबी बघा, एखादी आखूड असेल तर बदला.

रॉडच्या मध्ये आडव्या बसणाऱ्या इंटरलॉक पिनांकडे तर आणखी लक्ष द्या. एका वेळी एकच रॉड हलावा ही त्यांची जबाबदारी. पिन बसवायची राहिली तर दोन गिअर एकदम पडतात आणि चालती गाडी जागेवर जाम होते. पिन दिसायला अगदी किरकोळ असते आणि जुन्या ऑइलसोबत धुऊन फेकली जाते. म्हणून धुण्याच्या ट्रेमधला गाळ चाळल्याशिवाय टाकायचा नाही.

भाग पेट्रोलने धुतले तर चालतात का?

नको. केरोसीन, डिझेल किंवा डिग्रीझर वापरा. आणि धुतलेले बेअरिंग कॉम्प्रेसरच्या हवेने गरगर फिरवण्याचा खेळ बंद करा. कोरडे बेअरिंग त्या वेगाने खराब होते, आणि फुटले तर गोळ्या कुठे जातील ते सांगता येत नाही.

सिंक्रो रिंग बदलायची की नाही हे कसे ठरवायचे?

नुसते डोळ्यांनी बघून ठरवू नका. रिंग तिच्या गिअरच्या कोनावर हाताने घट्ट दाबा आणि फिरवायचा प्रयत्न करा. चांगली रिंग कोनाला धरते, झिजलेली गुळगुळीत फिरते. मग दाबून धरलेल्या स्थितीत रिंग आणि गिअरचे छोटे दात यांच्या मधली फट फिलर गेजने मोजा, तीही तीन-चार ठिकाणी. नव्या रिंगला ही फट बहुधा एक मिलिमीटर किंवा त्याहून जास्त असते. ती अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास आली की बहुतेक मॅन्युअल बदला असेच सांगतात. रिंगच्या आतल्या बारीक आट्या सपाट झाल्या असतील तर त्या कोनावरची ऑइलची फिल्म तोडू शकत नाहीत आणि गिअर टाकताना खर्र वाजते.

नव्या रिंगसोबत गिअरचा कोनही बघायचा. तो निळा पडला असेल किंवा त्यावर ओरखडे असतील तर नवी रिंगही फार दिवस टिकणार नाही. हबमधल्या तिन्ही चाव्या आणि त्यांच्या स्प्रिंगही तपासा. घाटातल्या गाड्यांमध्ये दुसऱ्या आणि तिसऱ्याची रिंग आधी जाते. तिथे हेच दोन गिअर सारखे वर-खाली होतात.

गिअर आपोआप सुटतो. आत नेमके काय झिजलेले असते?

याला एक कारण नसते, म्हणून एक भाग बदलून गिअरबॉक्स परत बांधला की तक्रार परत येते. दोष वरपासून खालपर्यंत शोधा.

स्लीव्हचे आणि गिअरचे छोटे दात भिंगाखाली धरा. नव्या दातांची टोके अणकुचीदार असतात आणि कडा आतल्या बाजूला किंचित निमुळत्या असतात, त्यामुळे ताण आला की स्लीव्ह गिअरकडे ओढली जाते. टोके गोल झाली, कडा उलट्या बाजूला झिजल्या की तोच ताण स्लीव्हला बाहेर ढकलतो. घाट उतरताना ॲक्सिलरेटर सोडला की तिसरा सुटतो, ही तक्रार बहुतेक वेळा इथली.

मग फोर्क, म्हणजे रॉडवर बसून स्लीव्ह सरकवणारा काटा. तो स्लीव्हच्या खाचेत घालून फट मोजा. एक मिलिमीटरच्या पुढे गेली असेल तर फोर्क किंवा स्लीव्ह संपली. फोर्कची एकच बाजू चकचकीत झालेली दिसली तर ड्रायव्हरला गिअर लिव्हरवर हात ठेवून चालवायची सवय असू शकते. फोर्क वाकलेला आहे का तेही रॉडवर घालून बघा.

त्यानंतर शाफ्टवरच्या गिअरची मागे-पुढे होणारी हालचाल. फिलर गेजने मोजल्यास ती साधारण ०.१ ते ०.३ मिलिमीटरमध्ये असावी, मर्यादा मॅन्युअलची. जास्त असेल तर थ्रस्ट वॉशर झिजला. गोळी-स्प्रिंगचे वर आलेच आहे. एवढे करून काहीच सापडले नाही तर बेल हाउसिंगचे तोंड आणि डॉवेल पिन बघा. गिअरबॉक्स इंजिनला वाकडा बसला तरी गिअर सुटतो.

गिअरच्या दातांवर काय शोधायचे?

चांगल्या जोडीत दाताच्या मध्यभागी एकसारखा चमकदार पट्टा दिसतो. तो एका कडेला सरकला असेल तर शाफ्ट किंवा बेअरिंग बघा. बारीक खड्डे म्हणजे धातू थकला, उभे ओरखडे म्हणजे ऑइल कमी पडले किंवा चुकीचे होते, निळसर रंग म्हणजे तापला. रिव्हर्सच्या सरकत्या आयडलर गिअरची टोके थोडी तुटकी असणे नेहमीचे आहे, कारण त्याला बहुधा सिंक्रो नसते आणि लोक गाडी पूर्ण थांबण्याआधीच रिव्हर्स टाकतात. कामाच्या पृष्ठभागावर तूट आली असेल तर मात्र बदला. गिअर बदलायचा तो जोडीने. जुन्या दातांवर नवे दात ठेवले की आवाज करतात.

शाफ्ट व्ही-ब्लॉकवर ठेवून मध्ये डायल गेज लावा आणि फिरवा. ०.०५ मिलिमीटरच्या पुढे काटा हलला तर शाफ्ट वाकलेला समजा.

बेअरिंग चांगले दिसते. तरी बदलावे का?

गिअरबॉक्स एवढा खोललाच आहे आणि गाडी लाखभर किलोमीटरच्या पुढे गेली आहे, तर माझे मत सरळ आहे : बदला. शाफ्टवरून पुलरने ओढताना जोर गोळ्यांवरून गेला असेल तर ते चांगले असूनही आता खराब आहे. राखायचेच असेल तर धुऊन, हलके ऑइल लावून बोटांनी हळू फिरवा. कुठेही अडखळले, खरखरले तर गेले.

नवे घेताना जुन्यावर कोरलेला पूर्ण नंबर घेऊन जा. शेवटची अक्षरे फार कामाची असतात. एनआर म्हणजे बाहेरच्या रिंगला सर्क्लिपची खाच आणि सोबत सर्क्लिप. सी३ म्हणजे आत नेहमीपेक्षा जास्त मोकळीक, जी गरम होणाऱ्या गिअरबॉक्सला लागते. दुकानदार आकडे जुळवून साधे बेअरिंग देतो, ते बसतेही आणि काही महिन्यांत गरम होऊन वाजायला लागते.

माझी जुनी जीप आहे, तीन गिअरची. तिचा प्रकार वेगळा आहे का?

बराच. विलीजच्या काळातल्या टी-९० गिअरबॉक्सचे झाकण वर असते, फोर्क झाकणासोबतच निघतात. पहिल्याला आणि रिव्हर्सला सिंक्रो नाही, फक्त दुसऱ्या-तिसऱ्याला आहे. तेव्हा पहिल्याचा खर्र आवाज ऐकून सिंक्रो रिंग मागवू नका. मेन शाफ्टचे मागचे टोक ट्रान्स्फर केसमध्ये शिरलेले असते. तिच्या मागच्या गोल झाकणातून आतला नट सोडून गिअर ओढल्याशिवाय दोघे वेगळे होत नाहीत. नंतर मागची लॉक प्लेट काढून काउंटर शाफ्ट मागच्या बाजूला ठोकायचा, म्हणजे गिअरचा गुच्छ तळाला बसतो आणि मेन शाफ्टला बाहेर यायला वाट मिळते. ठोकताना त्याच जाडीचा आखूड डमी शाफ्ट मागोमाग सरकवा. नाहीतर गुच्छातल्या सुट्या सुया तळाशी सांडतात. त्या मोजून ठेवा आणि बांधताना घट्ट ग्रीसने चिकटवा.

गॅस्केटऐवजी सिलिकॉन लावले तर?

कंपनीने जिथे सिलिकॉन दिले आहे तिथे लावा, पातळ लावा. जिथे कागदी गॅस्केट आहे तिथे तिची जाडीही हिशेबात धरलेली असते. बेअरिंगच्या कव्हरखालचे गॅस्केट गाळले की बेअरिंगवरचा दाब बदलतो. टेपर रोलर बेअरिंग असतील तर शिमची मापे पुन्हा काढल्याशिवाय कव्हर घट्ट करूच नये. जास्तीच्या सिलिकॉनचे दोरे आत सुटून ऑइलच्या वाटा बुजवतात, तो त्रास वेगळाच.

ऑइल कोणते भरायचे?

मॅन्युअल सांगेल ते. पितळी सिंक्रो असलेल्या गिअरबॉक्सला साधारणपणे जीएल-४ दर्जाचे लागते. डिफरन्शियलसाठी आणलेले जीएल-५ उरले म्हणून इकडे ओतण्याची पद्धत चुकीची आहे. त्यातली दाब सोसणारी रसायने पिवळ्या धातूला मानवत नाहीत, आणि निसरडेपणामुळे रिंग कोनाला नीट धरत नाही. पातळी सपाट जागेवर, भरायच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत. जास्त भरले तर ते सीलमधून बाहेर येते.

नवे सील टाकले, तरी गळतेच. का?

आधी ब्रीदर बघा. गिअरबॉक्स तापला की आतली हवा फुगते, तिला बाहेर पडायला वर एक छोटी नळी किंवा टोपी असते. चिखलाने ती बुजली की हवा सीलच्या ओठातून वाट काढते आणि सोबत ऑइल आणते. बुजलेल्या ब्रीदरने उलटाही त्रास होतो. तापलेला गिअरबॉक्स ओढ्याच्या पाण्यात थंड झाला की तेच सील पाणी आत ओढतात. ब्रीदर मोकळा असूनही गळत असेल तर शाफ्टवर सील बसते त्या जागी नख फिरवा. चर लागला तर कितीही सील बदला, उपयोग नाही.

गाडीवर चढवण्याआधी काय तपासावे?

टेबलावरच इनपुट शाफ्ट हाताने फिरवून सगळे गिअर टाकून बघा. पहिल्यात इनपुटचे साडेतीन-चार फेरे झाले की आउटपुटचा एक होतो, डायरेक्टमध्ये एकाला एक, पाचव्यात आउटपुट किंचित पुढे, रिव्हर्समध्ये उलटा. एक गिअर टाकलेला असताना दुसऱ्या रॉडला ढकला, तो हलता कामा नये. न्यूट्रलमध्ये आउटपुट धरून ठेवला तरी इनपुट सहज फिरला पाहिजे. कुठे जड लागले तर इथेच परत खोला, गाडीखाली झोपून नाही.

रिलीज बेअरिंग, पायलट बेअरिंग आणि क्रँकचे मागचे सील याच वेळी बघून घ्या. क्लच प्लेट मध्यावर आणायला जुना इनपुट शाफ्ट वापरा. बेल हाउसिंग इंजिनला हाताने टेकल्याशिवाय बोल्ट आवळायचे नाहीत. बोल्टने ओढून टेकवायला गेलात तर कान तुटतो.

काम गॅरेजला दिले आहे. मालकाने काय मागायचे?

खोलल्यावर फोन करायला सांगा आणि बांधण्यापूर्वी स्वतः जाऊन बघा. काढलेले ऑइल फेकू नका म्हणून आधीच सांगून ठेवा. जुने भाग परत मागा, नव्या बेअरिंगची खोकी मागा. कोणता भाग तुटला एवढ्यावर थांबू नका, तो कशामुळे तुटला ते विचारा. ऑइल कमी होते, पाणी शिरले होते, क्लच सुटत नव्हता की ओझे जास्त होते, यापैकी काही उत्तर मिळाले नाही तर गिअरबॉक्स अजून बांधायचा नाही असे स्पष्ट सांगा.